निनावी मंडळाचा परीट

एक बांबू बाहेर लागला होता. दुसरा स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवा पडला होता. त्यावर निम्मे कपडे ओवून झाले होते, निम्मे अजून बादलीतच होते. ओल्या कपड्यांनी जड झालेला बांबू दहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून बाहेर सरकवायचा आणि खिडकीखाली भिंतीला जडवलेल्या नळीत नेमका बसवायचा, ही करामत सिंगापूरच्या टॅम्पिनीसला इतकी वर्षं काढूनही निशिगंधाला पुरती साधली नव्हती. प्रत्येक वेळी ती आधी दत्ताचं नाव घ्यायची, मग बांबू उचलायची. त्या दिवशीही तिनं नाव घेतलं आणि चिमटा दातात धरून चारुदत्तरावांचा पांढरा शर्ट झटकला. तेवढ्यात फोन वाजला.

"आंटी, जुरोंग ईस्ट स्टेशन हिअर," पलीकडून एका मुलीचा आवाज आला. "युवर हजबंड विथ अस. ही ओके, नॉट सिक. बट वी आस्क हिज नेम, ही डोन्ट वॉन्ट टू टेल लाह."

चारुदत्तरावांच्याच मोबाइलमधून ती मुलगी बोलत होती. त्यात 'घर' असं लिहिलेला एकच नंबर तिला सापडला होता.

चारुदत्तरावांचं ऑफिस पाया लेबारला. मेट्रोच्या हिरव्या लाइनवर टॅम्पिनीसहून थोडीशीच स्टेशनं. जुरोंग ईस्ट त्याच लाइनवर पार दुसऱ्या टोकाकडे, सगळं शहर ओलांडून. माणूस डुलकी लागून पुढे गेला तर जाऊ शकतो, त्यात नवल नव्हतं. निशिगंधा दचकली ती घड्याळाकडे बघून. अजून दहासुद्धा वाजले नव्हते. सकाळ होती.

सकाळ असण्यात एवढं घाबरण्यासारखं काय होतं, हे सगळ्या सिंगापूरमध्ये तिलाच ठाऊक होतं. निदान तिची तरी तशी समजूत होती.

तिनं शर्ट बादलीत टाकला, खिडकी ओढून घेतली, देवापुढचा दिवा शांत होईल एवढंच तेल उरलंय ना ते पाहिलं आणि पर्स उचलली. बांबू तसाच फरशीवर राहिला.

*

गाडीत बसायला जागा मिळाली. पदराआड हात घेऊन तिनं माळ ओढायला सुरुवात केली, पण मन माळेत राहीना. ते मागे मागे जात रोममध्ये पोचलं.

हो, रोममध्येच. धारपांच्या घरात गेली पाच वर्षं एक रोमन माणूस राहत होता.

सार्सची साथ आली त्या वर्षी शाळा बंद झाल्या. जाई तेव्हा बारा वर्षांची. बाहेर जायचं नाही, मैत्रिणींकडे जायचं नाही. पोरगी नुसती घरभर कुढत फिरायची. हिशेबात आयुष्य घातलेले चारुदत्तराव एरवी गोष्टी सांगणाऱ्यातले नव्हते. पण एका दुपारी याच खिडकीशी निशिगंधाला बांबू धरू लागता लागता ते लेकीला म्हणाले, "रोममध्ये एक परीट होता. रुफिनस त्याचं नाव. तो कपडे कशात धुवायचा, सांग बरं."

"साबण," जाई म्हणाली.

"साबण कुठला तेव्हा? गल्लीच्या कोपऱ्यावर मडकी ठेवलेली असायची. येणारे-जाणारे त्यात शू करायचे. ती मडकी उचलून आणायची, हौदात ओतायची आणि त्यात उभं राहून पायांनी कपडे तुडवायचे."

"ईऽ, बाबा. सो ग्रॉस लाह."

पण पोरगी हसली, आठवड्यात पहिल्यांदा. मग काय, रोज दुपारी परीट हजर. हा रुफिनस मोठा साधा माणूस. दिवसा श्रीमंतांची पांढरी वस्त्रं धुवायचा, इस्त्री म्हणून लाकडी दाबात घालायचा, शेजारणीशी पाण्यावरून भांडायचा. आणि अंधार पडला की एका गुप्त मंडळाचा सभासद व्हायचा. बादशहानं चार माणसं एकत्र जमायला बंदी घातली होती, म्हणून मंडळ गुप्त. चारुदत्तरावांनी त्याला नाव दिलं निनावी मंडळ.

"वर्गणी किती होती?" निशिगंधानं कणीक मळता मळता विचारलं होतं.

"वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, आभारप्रदर्शन नाही. म्हणून तर टिकलं."

मंडळाचं काम एकच. गावाबाहेर मालकांनी टाकून दिलेले गुलाम मरून पडलेले असायचे, त्यांना न्यायचं, आंघोळ घालायची, पांढऱ्या वस्त्रात गुंडाळायचं. ही वस्त्रं रुफिनसकडची. गिऱ्हाईक न्यायला परत आलंच नाही अशी. आणि माती लोटण्याआधी एकानं खाली वाकून त्या मेलेल्याचं नाव त्याच्या कानात सांगायचं. नाव कुणालाच ठाऊक नसलं तर तिथल्या तिथे ठेवायचं, पण बिननावाचं कुणाला पाठवायचं नाही. आणि म्हणूनच नियम असा की नाव घ्यायचं ते मेलेल्याचं, जिवंताचं नाही. सभासदांनी एकमेकांना नावानं हाक मारायचीच नाही. म्हणजे एखादा पकडला गेला तरी दुसऱ्याचं नाव तोंडातून निघायला नको.

निशिगंधाला हे पटलं होतं. तिच्या आईनंही तिला असंच शिकवलं होतं की नवऱ्याचं नाव उठता-बसता घेऊ नये, त्यानं आयुष्य उणं होतं. घ्यायचंच तर उखाण्यात, चारचौघांत, तेही लाजत. सिंगापूरला आल्यावर बँकेत, दवाखान्यात ती "मिस्टर धारप" म्हणायची. घरात "अहो". जिभेला एवढं वळण पडलं होतं की त्यांचं नाव तिला परक्यासारखं वाटायचं.

गोष्ट रंगत गेली आणि एका दुपारी रुफिनस पकडला गेला. पकडून दिला तो एका नावं सांगणाऱ्या गुलामानं. रोममध्ये बड्या लोकांकडे असा गुलाम असायचा म्हणे. मालकाच्या मागे मागे चालायचं आणि समोरून कोण येतंय त्याचं नाव मालकाच्या कानात कुजबुजायचं, म्हणजे मालक तोंडभरून "काय म्हणता अमुकराव" करायला मोकळा. त्या गुलामानं परटाला ओळखलं. अधिकाऱ्यानं परटाला उभं केलं आणि म्हटलं, एक नाव सांग. एकच. सोडून देतो.

"मग?" जाई म्हणाली.

"उद्या," चारुदत्तराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी शाळा सुरू झाल्या आणि तो उद्या काही उगवला नाही.

जाईनं ही गोष्ट मात्र सगळ्या ओळखीपाळखीत पसरवली. तेव्हापासून मराठी मंडळींत चारुदत्तराव 'परीट' झाले.

*

यंदाच्या मार्चमध्ये चारुदत्तरावांचा मित्र शैलेंद्र आणि त्याची बायको मैत्रेयी यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. त्यांच्या काँडोच्या खालच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी जेवण होतं. श्रीखंड झालं, फोटो झाले आणि मैत्रेयीनं फर्मान काढलं की आज बायका सुटल्या, उखाणे पुरुषांनी घ्यायचे.

चारुदत्तरावांना आग्रह करावा लागायचा नाही. उखाणे रचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ते उठले, वाटी खाली ठेवली, घसा साफ केला.

"हिरव्या गाडीची दोन टोकं, मध्ये वसलं गाव..."

"वाऽ," मंडळी म्हणाली आणि नावासाठी थांबली.

नाव आलं नाही. चारुदत्तरावांचं तोंड किंचित उघडं राहिलं. मग ते हसले. "माफ करा मंडळी. मी निनावी मंडळाचा सभासद. जिवंत माणसाचं नाव घेतलं तर मंडळातून काढतात."

हॉल हसून दणाणला. "अरे परटा," शैलेंद्र म्हणाला, "बायकोचं नाव घ्यायला एवढा घाबरतोस? वहिनी, याला जेवायला घालता की नाही?"

"निशिगंधा, तुझं नाव धुऊन टाकलं गं यानं," मैत्रेयी म्हणाली. "डाग राहिला नाही."

निशिगंधाही हसली, हसावंच लागलं. पण तिनं त्यांची नजर पाहिली होती. थट्टा करणाऱ्याचं लक्ष हसणाऱ्यांकडे असतं. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावरून फिरत होती. किल्ली हरवलेला माणूस बंद दारावर हात फिरवतो तशी.

परतताना गाडीत ती आठवत राहिली की यांनी आपल्याला नावानं शेवटची हाक कधी मारली. "अगं", "ऐकलंस का", "ए बाई". जाईला "बाळा". दिवाळीनंतरचं काही आठवेना.

इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, कुणा मलय शेजाऱ्याच्या लग्नाची तयारी चालली होती. कापडी झालरी लागल्या होत्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या चळती पडल्या होत्या. लिफ्टकडे न जाता ती एका दगडी बाकावर बसली. तेही बसले.

"माझं नाव सांगा," ती म्हणाली.

"हे काय विचारणं झालं?"

"सांगा तरी."

त्यांनी झालरींकडे तोंड फिरवलं. "सकाळी असतं," मग म्हणाले. "दाढी करताना सगळे जागेवर असतात. तू, जाई, ऑफिसात चहा देणारी ती चिनी बाईसुद्धा. दुपार कलली की एकेक जण उठून जायला लागतो. संध्याकाळी नुसत्या खुर्च्या."

"आणि आत्ता?"

"आत्ता दुपार कललीय गं."

डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, डॉक्टरनं नाव ठेवलं की ते खरं होतं. ऑफिसात कळलं तर दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं. आणि जाईची ए लेव्हलची परीक्षा या वर्षाअखेर, तिच्या कानावर तर काहीच जायला नको. निशिगंधाला शपथ घ्यायला लावली, वर जाऊन, दत्ताच्या तसबिरीवर हात ठेवून. तिनं ठेवला. त्या वेळी ते म्हणालेसुद्धा, "आता तूही मंडळात."

मंडळात कसली, निशिगंधाला वाटलं, मी तर तो नावं सांगणारा गुलाम. कारण त्या दिवसापासून तिचं तेच काम झालं. देवळात, मार्केटात, लिफ्टच्या दारात समोरून कोणी दिसलं की ती अर्धं पाऊल पुढे होऊन मोठ्यानं बोलायची. "अहो, शैलेंद्र भावजी आले बघा." "या मैत्रेयी, किती दिवसांनी." मग चारुदत्तरावांचं तोंड खुलायचं, "काय शैलेंद्र, काय म्हणतोस." लोक म्हणायचे, निशिगंधा हल्ली किती बोलकी झालीय. जन्मभर ज्या बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही, ती आता सगळ्या गावाची नावं घेत फिरत होती. संध्याकाळी देवापुढे बसली की जीभ थकलेली असायची. नाम घेतलं की माणूस तरतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ज्याच्यापाशी नावच टिकत नाही त्यानं काय करायचं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

एक आधार होता. सकाळ. त्या शपथेनंतर रोज सकाळी दाढीचा फेस तोंडाला लावलेला असतानाच ते बाथरूममधून मुद्दाम हाक मारायचे, "निशिगंधाऽ, टॉवेल." टॉवेल तिथेच असायचा. ती तरी जायची.

आज हाक आली नव्हती. कपड्यांच्या घाईत तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

*

जुरोंग ईस्टला काचेच्या खोलीत चारुदत्तराव खुर्चीवर बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर बॅग, बॅगेवर दोन्ही हात. फोन केलेली मुलगी तमिळ होती, तरुण, डोळ्यांत काळजी. तिनं निशिगंधाला बाजूला घेऊन हळूच इंग्रजीत सांगितलं की अंकल दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, मग इथे बसून राहिले. नाव विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही, सांगितलं तर बाकीचे पकडले जातील. "हू आर द अदर्स, आंटी?"

"फॅमिली," निशिगंधा म्हणाली. दुसरं काय सांगणार.

मुलीनं पुन्हा नाव विचारलं. या वेळी "मिस्टर धारप" म्हणायला निशिगंधाला सुचलं नाही. उखाणा नाही, चारचौघं नाहीत, लाजणं नाही, ती सरळ म्हणाली, "चारुदत्त."

खुर्चीवरून चारुदत्तरावांनी बोट ओठावर ठेवलं. "नाव घेऊ नकोस गं," ते कुजबुजले. "इथे ऐकतात."

आणि किंचित हसले. ही थट्टा होती की खरं, ते तिला कळेना. पाच वर्षं ऐकलेली थट्टा, आणि आज कळेना. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. जिवंताचं नाव घ्यायचं नाही, मेलेल्याचं घ्यायचं. नको तेव्हा तिला तो नियम आठवला आणि तिनं मनातल्या मनात कान पकडले.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. पाया लेबार आलं तेव्हा पाटीकडे बघून म्हणाले, "इथे माझं ऑफिस आहे." दारं उघडली, माणसं उतरली, चढली, दारं मिटली. ते जागचे हलले नाहीत. तिनंही उतरा म्हटलं नाही.

*

घरी आल्या आल्या पाहते तर फरशी मोकळी. दोन्ही बांबू बाहेर, कपडे सगळे वाळत. जाई कॉलेजातून लवकर आली होती. शर्ट खांद्याऐवजी शेपटाला चिमटे लावून टांगले होते, पण टांगले होते.

"बाबांना जरा चक्कर आली," निशिगंधानं दारातूनच सुरू केलं. "ऑफिसात एसी फार असतो ना, मग मीच म्हटलं की..."

"आई, स्टॉप लाह."

"काय स्टॉप?"

"मला माहीत आहे. दिवाळीपासून." जाईनं बापाच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली, त्यांना खिडकीशेजारच्या खुर्चीत बसवलं आणि आईकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "त्यानेच सांगितलं मला. प्रॉमिस घेतलं, आईला सांगू नकोस म्हणून. म्हणाला, ती आधीच सोमवार-गुरुवार धरते, अजून एक उपास धरेल आणि बारीक होईल."

निशिगंधा स्वयंपाकघराच्या दाराशी टेकली. म्हणजे ती लेकीपासून लपवत होती, लेक तिच्यापासून लपवत होती, आणि जो दोघींना शपथा घालत होता तोच आता शपथाही विसरत चालला होता. एका घरात तीन माणसं, तिघांचं गुप्त मंडळ, आणि कोण सभासद आहे ते कुणालाच ठाऊक नाही. तिला हसू आलं. हसता हसता डोळ्याला पदर लावावा लागला.

"मग मी तसबिरीवर हात ठेवला त्याचं काय करायचं आता?" ती म्हणाली.

"दत्त इज नॉट द पोलीस, आई."

चारुदत्तराव बाहेर झुलणाऱ्या शर्टांकडे बघत होते. जाई त्यांच्या खुर्चीशी खाली बसली.

"बाबा, रुफिनसचं पुढे काय झालं? तू सांगितलंच नाहीस."

"कोणाचं?"

जाईनं आईकडे पाहिलं. मग पुन्हा बापाकडे. एरवी मराठीत दोन वाक्यं बोलली की तिसरं इंग्रजीत जायचं, पण आता ती सांभाळून, शब्द शोधत, सगळं मराठीतच म्हणाली, "एक परीट होता. रोममध्ये. तो कपडे कशात धुवायचा, सांग."

"साबणात," चारुदत्तराव म्हणाले.

तिनं सगळी गोष्ट सांगितली. मडकी, हौद, शेजारीण, न नेलेली वस्त्रं, कानात सांगायचं नाव. कुठे शब्द अडला की निशिगंधा चुलीशी उभी राहून पुरवायची. चारुदत्तराव मन लावून ऐकत होते. पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे, मधून मधून मान हलवत. मडक्यांपाशी हसलेसुद्धा.

"मग त्याला पकडलं. ऑफिसर म्हणाला, एक नाव सांग, सोडतो."

"पुढे?"

"पुढचं माहीत नाही, बाबा. तेवढंच आहे."

ते विचारात पडले. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राहिला, जुन्या हिशेबाच्या सवयीनं.

"सांगितलं नसेल त्यानं," ते म्हणाले. "त्याला आठवलंच नसेल एकही. फार मारलं असेल, पण आठवलं नसेल." थोडं थांबून म्हणाले, "मग बाकीचे सुटले असतील. चांगलं झालं. गोष्ट चांगली आहे. कोणाची?"

"तुझीच," जाई म्हणाली.

"असं?" म्हणाले आणि पुन्हा शर्टांकडे बघायला लागले.

निशिगंधानं भात टाकला. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, तसबिरीवर पुन्हा एकदा हात ठेवला आणि मार्चमधली शपथ सोडवून घेतली. त्याचा काय विधी असतो ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं फक्त तीन नावं घेतली, त्यांचं, जाईचं, आपलं, आणि नमस्कार केला. मग शैलेंद्राला फोन करून जे सांगायचं ते सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "वहिनी, मी त्याला घाबरतोस म्हणालो हो."

कपडे वाळले होते. ते आत घेताना तिनं इस्त्रीसाठी एक शर्ट बाजूला काढून ठेवला. उद्या सकाळी दोघांनी टॅम्पिनीसच्या पॉलिक्लिनिकमध्ये जायचं होतं, डॉक्टरांचा नंबर लावायला.